बाईंचं सेटिंग

१७ जानेवारी. सकाळी दाट धुकं, दहानंतर फिकट ऊन, वारा अजिबात नाही.

त्या दिवशी मी टेकडीवर गेलो होतो ते ब्लोअरचा फिल्टर बदलायला. दिवा जरा इकडे सरकवा, तुमचा चेहरा दिसू दे. मी क्रमानं सांगणार आहे. हे प्रकरण मधूनच सांगायला घेतलं तर ऐकणाऱ्याला सांगणाराच वेडा वाटतो.

आमचं रेडिओ स्टेशन दोन जागी आहे. स्टुडिओ खाली शहरात, एका दुमजली इमारतीत. ट्रान्समीटर वर टेकडीवर, मनोऱ्याच्या पायथ्याशी. खाली माणसं बोलतात, वर मी एकटा यंत्रांजवळ बसून ते बोलणं पुढे पाठवतो. वरच्या खोलीत यंत्रं थंड ठेवणारा ब्लोअर दिवसभर घोंघावत असतो. गरम धुळीचा आणि तापलेल्या तारांच्या वार्निशचा वास असतो. फळीवर एक स्पीकर ठेवलेला आहे, त्यातून आमचंच प्रक्षेपण ऐकत मी काम करतो. हे काम मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. जुनी पुस्तकं आणि जळलेले रेडिओ, एवढ्यावरच शिकलो.

ट्रान्समीटरच्या शेजारी एका रॅकमध्ये प्रोसेसर आहे. पुढचं सगळं त्याच्यामुळेच घडलं, म्हणून त्याचं काम आधी समजून घ्या. समजा, तुमच्या रेडिओच्या आवाजाच्या बटणावर एका माणसाचा हात कायम ठेवलेला आहे. बोलणारा मोठ्यानं बोलला की हात आवाज उतरवतो, हळू बोलला की चढवतो. हा कॉम्प्रेसर. इतकं करूनही एखादा शब्द फाजील मोठा निसटला, तर त्याच्यावर झाकण दाबतो तो लिमिटर. एफएमवर आवाजाला हद्द ठरलेली असते, ती ओलांडली की शेजारच्या स्टेशनात घुसखोरी होते. आणि तिसरं गेट. माणूस बोलायचा थांबला की तो हात बिचारा शांततेलाच हळू बोलणं समजतो आणि आवाज चढवत सुटतो. मग पंख्याची घरघर, खुर्चीची कुरकुर, श्वास, सगळं वर यायला लागतं. गेट त्या हाताला अडवतं. इथे कोणी बोलत नाहीये, थांब, म्हणतं.

आमच्या प्रोसेसरवर गेट काढून टाकलेलं होतं. बटणांवरून एक पिवळी पडलेली चिकटपट्टी आडवी गेली होती, आणि तिच्यावर शाईनं लिहिलं होतं, 'बाईंचं सेटिंग. हात लावू नये.'

बाई म्हणजे सकाळी अकराच्या कार्यक्रमाच्या निवेदिका. मी कामाला लागलो त्याआधीच त्या घशाच्या दुखण्यानं वारल्या. माझ्या जागी आधी असलेल्या म्हाताऱ्या काकांनी किल्ल्या देताना मला सगळं सांगितलं होतं. बाईंचा आवाज दर आठवड्याला खोल जात होता, आणि साहेब खालून फोन करून म्हणत, वाढवा. काका वाढवत. ऐकणाऱ्यांना तोच भरदार आवाज मिळत राहिला. शेवटी बाईंची कुजबुज इतकी बारीक झाली की गेट त्यांना माणूस मानेनासं झालं. त्या बोलायच्या आणि गेट उघडायचंच नाही. मग ते काढूनच टाकलं. बाईंनी शेवटचा कार्यक्रम केला तो सोमवारी, आणि गेल्या त्या मंगळवारी.

साहेबांनी ती बातमी दिलीच नाही. कार्यक्रमात निवेदिकेचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. नवीन मुलगी आणून बसवली, सेटिंग तेच ठेवलं, आणि दाबून, चढवून, घासून तिचा आवाज जवळजवळ बाईंसारखाच बाहेर पडला. लोकांना पत्ता लागला नाही. ती मुलगी वर्षभर टिकली आणि घसा बसला म्हणून गेली. त्याच सुमारास मी कामाला लागलो. साहेब नवा आवाज शोधत होते, आणि मीच म्हणालो, माझी धाकटी बहीण आहे.

धाकटी माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. आवाज पातळ, भरभर बोलणारा, वाक्याच्या शेवटी हसू ठेवणारा. संध्याकाळी ती आईला वर्तमानपत्र वाचून दाखवायची. आईची दृष्टी पार गेलेली. तिच्यासाठी आम्ही दोघं म्हणजे दोन आवाज आणि चार हात, आणि हातांकडे तिचं फारसं लक्ष नसायचं.

आईला कार्यक्रम सुरुवातीला आवडला नाही.

"तिथं तू कोणीतरी परकीच वाटतेस," ती म्हणाली.

"परकी कशी? मीच असते."

"तूच असशील. पण एवढ्या जाड आवाजाची मुलगी मी जन्माला घातलेली नाही."

धाकटी हसून हसून बेजार झाली होती.

तर १७ तारीख. फिल्टर बसवून मी हात पुसत होतो. स्पीकरवर धाकटी बातम्या संपवत होती. गाणं सुरू झालं आणि टेकडीवरचा फोन वाजला.

"दादा, घसा धरलाय रे," ती म्हणाली. "ओरडून बोलायला लागतंय."

"मग ओरडू नकोस. तू हळू बोल, मी इथून उचलतो."

"म्हणजे तू माझ्या आवाजाचा हमाल."

"लहानपणी तुलाच उचलून फिरवायचो, त्यापेक्षा हलकं आहे हे. ठेव फोन, गाणं संपेल."

मी चिकटपट्टीची कड नखानं उचलली आणि इनपुटचं बटण किंचित फिरवलं. आमच्या कामात हे सगळे करतात. खालून बारीक आलं की वर भर घालायची. बाहेर जाणाऱ्या आवाजात काडीचाही फरक पडत नाही, आणि कोणाचा तरी घसा वाचतो.

गाणं संपलं. धाकटी बोलायच्या आधी क्षणभर शांतता होती. माझी नजर सहज सुयांवर गेली. इनपुटची सुई खाली पडलेली, शांततेत पडायला हवी तशी. लिमिटर किती दाबतोय ते दाखवणारी सुई मात्र टोकापर्यंत गेलेली. माइकला तोंड लावून कोणी जीव खाऊन किंचाळलं, तरच ती सुई तिथं जाते. स्पीकरमधून येत होता फक्त एक श्वास. लांब, आत ओढलेला.

मग धाकटी बोलायला लागली आणि सुई मागे आली.

मला वाटलं, मीटर बिघडलं. दुपारी त्यात चाचणीचा सूर सोडून पाहिलं. मीटर एकदम बरोबर होतं.

धाकटीचा घसा सुटला नाही. दर दोन-चार दिवसांनी ती फोन करायची, "हमालदादा, जरा अजून," आणि मी अजून देत होतो. डॉक्टरनं घशात आरसा घालून पाहिलं आणि म्हणाला, आत काही झालेलं नाही, विश्रांती द्या. विश्रांती ती घेतच होती. हळू बोलणं तिला आवडायला लागलं होतं.

"काही जोरच लागत नाही रे," एकदा घरी ती म्हणाली. "नुसते ओठ हलवायचे. बाकीचं आपोआप होतं."

त्याच जेवणाच्या वेळी तिनं एक विचित्र गोष्ट सांगितली. निवेदकाच्या कानात हेडफोन असतो आणि त्यात त्याला स्वतःचं प्रक्षेपण ऐकू येतं. आवाज टेकडीवर जाऊन, प्रोसेसरमधून फिरून परत येतो, म्हणून तो अगदी पुसटसा उशिरा येतो. या उशिराची निवेदकांना सवय झालेली असते.

"आता तो उशीर होत नाही," धाकटी म्हणाली.

"असं होणारच नाही."

"सांगते ना. काल तर आधी आला."

"काय आधी आला?"

"शब्द. मी कागदावर पुढचा शब्द बघत होते. बोलले नव्हते अजून... आणि कानात ऐकू आला."

मी तिला समजावलं की थकलेल्या माणसाला असे भास होतात. ती बरं म्हणाली. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"हल्ली रेडिओवर छान बोलतेस तू," आई म्हणाली. "अगदी तुझ्यासारखी. घरीच काय होतं तुला? नुसती पुटपुटतेस. माझ्याशी बोलायचा कंटाळा येतो का?"

"आई, घसा..."

"काय? ऐकू येईना. तिथं बरा निघतो आवाज."

धाकटीनं त्या संध्याकाळी वर्तमानपत्र वाचायला घेतलं. दोन ओळी झाल्यावर आईनं हात हलवून थांबवलं. राहू दे म्हणाली, सकाळी रेडिओवर ऐकेन.

मी साहेबांकडे गेलो. साहेब वाईट माणूस नव्हते असं म्हणायची पद्धत आहे, पण मी म्हणणार नाही. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि स्वतः उभे राहिले.

"सेटिंग मूळ जागी न्यायचंय," मी म्हणालो. "गेट परत लावायचं. माझ्या बहिणीचा आवाज जातोय."

"जातोय? रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात तोच वाजतोय. शेजारचं स्टेशन आपल्यापुढे मच्छर वाटतं."

"तो आवाज यंत्राचा आहे, साहेब. ती नुसती कुजबुजते."

"बाईसुद्धा कुजबुजतच होत्या. शेवटच्या दिवशी त्यांना दोघांनी धरून खुर्चीत बसवलं होतं, माहीत आहे? कार्यक्रम वेळेवर सुरू झाला आणि वेळेवर संपला." ते हसले. "बाई गेल्या. आवाज गेला नाही, तो स्टेशनचा आहे. तुमच्या बहिणीचा घसा हा तुमचा घरचा प्रश्न. काढा करून द्या."

बाहेर पडलो तो थेट आधीच्या मुलीला शोधायला गेलो. ती आता औषधांच्या दुकानात कामाला होती. काउंटरमागे उभी राहून गिऱ्हाइकांना खुणा करून औषधं देत होती. मी ओळख सांगितल्यावर ती काउंटरवरून पुढे झुकली. तिला ऐकायचं तर कान तिच्या ओठांपाशी न्यावा लागत होता.

"तुमच्या वेळी काकांनी इनपुट वाढवलं होतं का?" मी विचारलं.

"मीच सांगितलं होतं... घसा बसला होता. काका म्हणाले, पोरी, तू हळू बोल."

"मग?"

"मग सोपं झालं. फार सोपं झालं... एक दिवस लक्षात आलं, मी बोलतच नव्हते."

"म्हणून सोडलंत?"

तिनं मान हलवली. "मी नाही सोडलं. हेडफोनमध्ये सांगितलं, आता तू जा."

"साहेबांनी?"

तिनं बोटानं 'नाही' केलं.

"माझ्या आवाजात," ती म्हणाली. "पण मी गेले तेव्हा ते अर्धंच राहिलं होतं. माझ्याकडे एवढं उरलं... हे तुम्ही ऐकताय तेवढं." मग तिनं विचारलं, "तुम्ही किती वाढवलंय?"

मी आकडा सांगितला. ती वळली आणि मागच्या फळीवरच्या बाटल्या नीट लावायला लागली. मी दोनदा हाक मारली, ती परत वळली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर टेकडीवर जाऊन मी चिकटपट्टी पूर्ण काढली. धाकटीला रात्रीच सांगून ठेवलं होतं. आज मी उचलणार नाही, आज गेट लावणार. तुझा आवाज पुरेसा नसेल तर रेडिओवर काहीच येणार नाही, साहेब धावत येतील, तुझी अवस्था बघतील आणि तुला घरी पाठवतील. तिनं ओठांनी 'बरं' केलं. निघताना आईच्या पाया पडली. "कोण आहे?" आईनं विचारलं होतं.

इनपुटचं बटण मी मूळ जागी आणलं. गेट लावलं. गेटला एक छोटा दिवा असतो. बंद असताना लाल, आवाज आत सोडला की हिरवा.

अकरा वाजले. कार्यक्रमाची धून वाजली, संपली. दिवा लाल झाला. इनपुटची सुई तळाशी जेमतेम थरथरत होती, म्हणजे धाकटी बोलत होती. स्पीकर गप्प होता. माझ्या मनासारखं झालं होतं. मी खुर्चीत टेकलो आणि साहेबांच्या फोनची वाट बघायला लागलो.

मग थरथर थांबली. सुई तळाला टेकली आणि तिथंच राहिली. खालून काहीही येत नव्हतं.

गेटचा दिवा हिरवा झाला.

"नमस्कार," स्पीकरमधून आवाज आला. "कसे आहात सगळे?"

तो बाईंचा आवाज नव्हता. धाकटीचा होता. जाड नाही, घासलेला नाही. पातळ, भरभर बोलणारा, शेवटी हसू असलेला. गेल्या कित्येक आठवड्यांत मी तो घरी ऐकला नव्हता. माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी माझी नजर मीटरवर होती. इनपुट शून्य. लिमिटरची सुई टोकाला दाबलेली.

फोन वाजला. मी उचलला. पलीकडे कोणी बोललं नाही. नुसती हवा येत होती, तोंड उघडून जोर लावणाऱ्या माणसाची.

"धाकटे?" मी म्हणालो. "तू आहेस?"

हवा.

"रिसीव्हरवर टिचकी मार. हो असेल तर एक, नाही असेल तर दोन. तू आहेस?"

एक टिचकी.

स्पीकरवर तिचाच आवाज हवामान सांगत होता. दुपारी आकाश स्वच्छ राहील...

"आत्ता रेडिओवर तू बोलतेस?"

दोन टिचक्या.

"साहेबांनी टेप लावली आहे?"

दोन.

"मग... माइकसमोर कोण आहे?"

टिचकी आली नाही. स्पीकरमधला आवाज किमान तापमानाच्या वाक्यात मध्येच थांबला. गेट हिरवंच होतं, शांततेत हात चढत गेला. स्टुडिओतल्या पंख्याची घरघर वर आली, भिंतीवरच्या घड्याळाचा काटा वर आला, आणि मग तो लांब, आत ओढलेला श्वास.

"दादा," स्पीकरमधून आवाज आला, अगदी लाडानं. "फोन ठेव."

मी फोन टाकला आणि मुख्य खटका खाली ओढला.

ब्लोअरचा आवाज उतरत उतरत थांबला. टेकडी इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती. रिसीव्हर वायरला लोंबत होता आणि त्यातून भराभर टिचक्या येत होत्या. मोजायला सुरुवात केली, पण त्यांना हो-नाहीचा काही हिशेब नव्हता.

थोड्या वेळानं धाकटी टॅक्सी करून वर आली. हेडफोन अजून तिच्या गळ्यात होता, त्याची वायर तुटलेली. मला वाटलं होतं, बंद केल्यावर तरी तिचा आवाज तिच्याकडे परतेल. मी तिला म्हटलं, बोल. काहीही बोल, माझं नाव घे, शिवी दे. तिनं तोंड उघडलं. घशाच्या शिरा ताणल्या. कुजबुजसुद्धा आली नाही. तिनं टाळी वाजवून पाहिली, ती ऐकू आली. टेबलावर मूठ आपटली, तीही आली.

ती बंद स्पीकरकडे बघत राहिली. मग माझा तळहात ओढून घेतला आणि बोटानं त्यावर लिहिलं, चालू कर.

"नाही करणार."

तिनं परत लिहिलं. या खेपेला दाबून लिहिलं. आई ऐकत असेल.

"ऐकू दे नाहीतर नको. ती तू नाहीस."

तिनं मला बाजूला केलं. आपल्या हातानं खटका वर ढकलला. ब्लोअर घोंघावायला लागला, दिवे एकेक करून लागले, आणि वाक्य जिथं तुटलं होतं तिथून पुढे सुरू झालं. धाकटी स्पीकरखाली जमिनीवर बसली. कार्यक्रम संपेपर्यंत बसून राहिली. तिचे ओठ हलत होते, प्रत्येक शब्दाला पुसटसे उशिरा.

साहेबांचा फोन आला.

"मध्ये बंद का पडलं होतं?"

"साहेब, स्टुडिओत जाऊन बघा. माइकसमोर कोणी नाही."

"आत्ता तिथूनच आलो. खुर्ची रिकामी आहे."

"मग हा आवाज..."

"येतोय ना?" साहेब म्हणाले. "कुठून येतो ते मला सांगू नका. गेट लावलंत ते छान झालं, स्वच्छ येतोय. तसंच राहू द्या. आणि बहिणीला सांगा, उद्यापासून आली नाही तरी चालेल."

रविवारी वर बदली माणूस असतो, म्हणून मी घरी होतो. धाकटी तीन दिवस आईच्या खोलीत गेली नव्हती. मी आईला सांगितलं होतं, तिला बरं नाही. आई म्हणाली होती, थापा मारू नकोस, आज सकाळी किती मजेत बोलत होती.

त्या दिवशी अकराला रेडिओ लावला तेव्हा मी ठरवलं, आता हे संपवायचं. धाकटीला हाताला धरून आत नेलं. तिच्या हातात भाताची ताटली होती. ती पलंगाच्या कडेला बसली.

"कोण आलंय?" आईनं विचारलं.

"धाकटी आहे, आई. हिचा आवाज गेलाय. पूर्ण गेलाय. हात लावून बघ."

"ती तर बोलतेय." आईनं रेडिओकडे मान केली. खरंच, गाणं कोणाच्या फर्माइशीचं आहे ते रेडिओवरचा आवाज सांगत होता.

"ते यंत्र आहे. तू हात लाव."

धाकटीनं आईचा हात उचलून स्वतःच्या गालावर ठेवला. आई कुरकुरत होती, मग गप्प झाली. तिची बोटं गालावरून कपाळावर गेली. भुवईत लहानपणी पडलेल्या खोकेपाशी थांबली. परत गालावर आली, तिथं ओलं लागलं. आईचा चेहरा सैल पडला. तिनं दुसरा हातही उचलला आणि दोन्ही हातांत ते तोंड धरलं. तिचे ओठ नाव घ्यायला मिटले, उघडले.

"आई," रेडिओ म्हणाला.

गाणं मध्येच थांबलं होतं.

"आई, जेवलीस का ग? थांब हं, मी येतेच. तोवर कोणाच्या हातचं खाऊ नकोस."

आईनं दोन्ही हात काढून घेतले. चादरीला पुसले.

"तोंडं असतात एकेकांची सारखी," ती मला म्हणाली. रागावली नव्हती, थोडी शरमली होती. "मी आंधळी म्हणून कोणालाही माझ्यापुढे आणून बसवशील का तू? ही मुकी आहे ना? दया येते रे, पण मुलगी ती मुलगी. रेडिओ मोठा कर."

धाकटीनं ताटली खाली ठेवली. उठून तिनंच रेडिओ मोठा केला.

साहेब सांगत होते, त्या दिवशी स्टेशनवर पुष्कळ फोन आले. मध्येच आईची विचारपूस करणं लोकांना फार आवडलं. आता रेडिओवरची ती रोज करते.

आईनं चार दिवस अन्न घेतलं नाही. पाचव्या दिवशी रेडिओनं सांगितलं, त्या मुकीच्या हातचं खाल्लंस तरी चालेल, आई. तेव्हापासून धाकटी तिला अकरा वाजता भरवते. आई तिला 'ए मुके' म्हणते. घास मोठा झाला की बोटाला चावते.

आज ९ जून. सकाळपासून ढग, पाऊस नाही, वारा नाही. कार्यक्रम अकराला सुरू झाला, बाराला संपला. स्टुडिओत कोणी नव्हतं. इनपुट शून्य. गेट पूर्ण वेळ हिरवं. लिमिटर अठरा डेसिबल दाबत होता, सुई टोकाला.